भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट: पैसे आधी की चावी आधी?

मुक्काम_वाकड

पुण्यात वाकडला दोन बीएचके आहे, भाडं २४,०००. पहिलं ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरता घर वापरायच्या परवान्याचा करार) रजिस्टर केलं होतं. दुसऱ्या ११ महिन्यांचं ५०० च्या स्टॅम्प पेपरवर फक्त नोटरी केलेलं आहे. डिपॉझिटचे ७५,००० एनईएफटीने दिले, पण दोन्ही कागदांवर २५,००० च लिहिलेत. स्टॅम्प ड्युटी वाचते, असं एजंटाचं म्हणणं होतं. महिन्याची नोटीस मेलवर दिली आहे, मुदत ३१ तारखेला संपते आणि भाडं कुठलंही थकलेलं नाही.

घरमालक म्हणतात, रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापणार, बाकीचे नवीन भाडेकरू आल्यावर म्हणजे दीड-दोन महिन्यांनी देणार, चावी मात्र ३१ लाच हवी. ॲग्रीमेंटमध्ये डिपॉझिट 'बिनव्याजी व परत करण्याजोगे' आहे एवढंच वाक्य आहे, किती दिवसांत ते लिहिलेलं नाही.

घराची स्थिती: हॉलमध्ये टीव्हीचा ब्रॅकेट आणि सहा-सात खिळे, बेडरूमच्या एका भिंतीवर मुलाने ओढलेल्या क्रेयॉनच्या रेघा, बेसिनला तडा. तडा आम्ही राहायला आलो तेव्हाच बारीक दिसत होता आणि त्याचा पहिल्या दिवशीचा फोटो आहे.

विचारायचं आहे ते असं. परत देण्याची मुदत कायद्यात आहे का? रंगाचे पैसे कापता येतात का? शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू का? आणि पैसे मिळेपर्यंत चावी दिली नाही तर?

उंबरठा

२०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट आणि ताबा घेतल्या दिवशीच परतफेड असं स्पष्ट लिहिलंय. तो दाखवा आणि पैसे हातात पडल्याशिवाय चावी सोडू नका.

कागदपत्र

वरच्या उत्तरातल्या दोन्ही गोष्टी इथे अंगाशी येतील, म्हणून आधी त्याच घेतो.

मॉडेल टेनन्सी ॲक्ट हा केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. भाड्याचा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. वाकडच्या घराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागतो. हा कायदा ३१ मार्च २०००पासून अमलात आहे आणि त्यात डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं याची मुदत नाही. म्हणजे ॲग्रीमेंटमध्ये जे लिहिलं असेल ते. तुमच्याकडे 'परत करण्याजोगे' एवढंच आहे, त्यामुळे ताबा परत केला की पैसे देणं लागतात, हा सरळ अर्थ घ्यायचा. 'नवीन भाडेकरू आल्यावर' अशी अट कागदावर नसेल तर ती मागाहून घालता येत नाही. त्यांना नवीन भाडेकरू मिळणं न मिळणं हा तुमच्या कराराचा भाग नाही.

आता चावी. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ वाचा. परवान्याची मुदत संपल्यावर राहत्या घराचा ताबा दिला नाही, तर लायसन्स फीच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि घरमालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत दुप्पट म्हणजे महिन्याला ४८,०००, दिवसाला साधारण १,६००. उरलेल्या ५०-६० हजारांसाठी महिनाभर चावी अडवली तर ती रक्कम त्यातच संपते. वर, आज तुमची बाजू स्वच्छ आहे, ती 'ताबा अडवून बसलेला भाडेकरू' अशी होते. अजिबात करू नका.

योग्य रीत म्हणजे एकाच बैठकीत दोन्ही. ३१ तारखेला रिकाम्या घरात भेटायचं, मीटर बघायचं, हिशोब करायचा, फोनवरून पैसे जमा झालेले दिसले की चाव्या द्यायच्या आणि पावतीवर दोघांनी सही करायची. हे आजच मेल करून कळवा: 'मी ३१ तारखेला सकाळी ११ वाजता रिकामं घर ताब्यात देण्यास हजर आहे, त्याच वेळी डिपॉझिटचा हिशोब पूर्ण करावा.' पुढे वाद झालाच तर ताबा तुम्ही देऊ केला होता, याचा हा पुरावा.

शेवटचं भाडं वळतं करण्याबद्दल: बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये 'डिपॉझिट भाड्यापोटी वळते करता येणार नाही' असं वाक्य असतं. तुमच्यात ते असेल आणि तुम्ही भाडं थांबवलंत, तर करारभंग तुमच्याकडून होतो आणि मग रंग, सफाई, दंड सगळं त्या नावाखाली येतं. मालकांनी लेखी होकार दिला, व्हॉट्सॲपवर का होईना, तर जरूर करा. ७५,००० परत मागण्यापेक्षा ५१,००० परत मागणं केव्हाही सोपं.

दस्तवाला

स्टॅम्प ड्युटी वाचते म्हणून डिपॉझिट कमी दाखवतात, ते मला दर आठवड्याला दिसतं आणि वाईट वाटतं, कारण वाचतं काय ते कुणी मोजत नाही. लिव्ह अँड लायसन्सची ड्युटी ०.२५ टक्के. ती लावायची पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परतफेडीच्या डिपॉझिटवर धरलेल्या १० टक्के वार्षिक व्याजावर. पूर्ण डिपॉझिटवर ड्युटी लागत नाही. तुमच्या कागदातून ५०,००० गाळले. त्यावर वर्षाचं मानीव व्याज ५,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १२ रुपये ५० पैसे. साडेबारा रुपयांसाठी ५०,००० रुपये कागदाबाहेर ठेवले.

नोंदणी फीचाही डिपॉझिटशी संबंध नाही. महापालिका-नगरपालिका हद्दीत सरसकट १,०००, ग्रामीण भागात ५००.

तरी घाबरू नका. एनईएफटीची नोंद असलेलं बँक स्टेटमेंट आजच पीडीएफमध्ये काढा, ७५,००० ची ओळ आणि यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक दिसला पाहिजे. शिवाय जुन्या चॅटमध्ये 'डिपॉझिट मिळालं' किंवा 'डिपॉझिटमधून कापेन' असं मालकांनी कुठे लिहिलंय का ते शोधा. 'रंगाचे कापून उरलेले देतो' हा मेसेज ७५,००० च्या आकड्यासकट मिळाला तर फारच उत्तम. नसेल तर साधा मेसेज टाका: 'सर, एकूण डिपॉझिट ७५,००० धरून हिशोब कळवाल का?' उत्तर आलं की कागदातली फट बुजते. चॅट डिलीट करू नका आणि फोनही बदलू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं म्हणायचे, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. तेव्हा मूळ फोन असलेला बरा.

नोटरीबद्दल एक महत्त्वाचं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. रजिस्टर्ड करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचे दुसरे ११ महिने नेमके यात बसतात. धमकी म्हणून वापरू नका, पण बोलणी करताना मनात असू द्या.

पुढच्या घरासाठी: नूतनीकरणाच्या करारात 'मागील करारातील डिपॉझिट रुपये अमुक, यूटीआर क्रमांक तमुक, याच करारात पुढे धरले आहे' हे वाक्य घालून घ्या. पुष्कळदा दुसऱ्या कागदात डिपॉझिटची रक्कम असते, पण ती कधी आणि कशी दिली ती जागा कोरी सोडलेली असते.

दोन_फ्लॅट

घरमालकाच्या बाजूने लिहिते, कारण कापाकापीचा हिशोब आम्हीच करतो आणि तो नीट झाला तर भांडण होत नाही.

साध्या वापराची झीज कापायची नसते. २२ महिन्यांत रंग मळतो, स्विचबोर्डाभोवती हाताचे डाग पडतात, सोफ्यामागे भिंतीला घासल्याची रेघ येते, पडद्याच्या रॉडची भोकं राहतात. हे भाड्यातच आलं. नुकसान वेगळं. क्रेयॉनची भिंत, प्लास्टरचा टवका निघेपर्यंत ठोकलेला ब्रॅकेट, फुटलेली टाइल, ही भाडेकरूची जबाबदारी.

त्यामुळे 'रंगाचं एक महिन्याचं भाडं' हा सरसकट आकडा तेवढ्यापुरता चूक आहे. ॲग्रीमेंटमध्ये 'घर सोडताना रंगापोटी एक महिन्याचे भाडे कपात' असं छापलेलं असेल तर मात्र तुम्ही सही केली आहे, मग वाद कमकुवत. शोधून बघा, हे वाक्य बहुधा डिपॉझिटच्या कलमात नसतं, देखभालीच्या कलमात दडलेलं असतं.

वाक्य नसेल तर हिशोब असा करा. समजा आतला रंग चार वर्षांनी द्यावा लागतो. तुम्ही आलात तेव्हा रंग ताजा होता का, की आधीच्या भाडेकरूचाच? ताजा असेल तर ४८ महिन्यांपैकी २२ गेले, म्हणजे रंगाची निम्म्याहून थोडी जास्त किंमत शिल्लक. आणि खराब भिंत एकच आहे. त्या भिंतीचं कोटेशन ३,५०० आलं, तर तुमच्यावर त्यातले साधारण १,९०० येतात, पूर्ण घराचे नाहीत. आधीचाच जुना रंग असेल तर शिल्लक जवळपास काहीच नाही. हा हिशोब कायद्यात लिहिलेला नाही. पण मी तो समोर मांडते तेव्हा दोन्हीकडचा माणूस शांत होतो, कारण आकडा कुठून आला ते दिसतं.

जाण्याआधी तुम्हीच करण्यासारखं काम म्हणजे खिळे आणि भोकं. खिळा सरळ ओढू नका, प्लास्टर सुटतं. पकडीत धरून आधी फिरवायचा, मग ओढायचा. ब्रॅकेटचे प्लास्टिक गट्टू काढा, भोक ओल्या कापडाने पुसा, त्यात वॉल पुट्टी पुट्टीच्या पात्याने दाबून भरा, सुकल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुसरा हात द्या. पुट्टी सुकताना आत बसते, म्हणून एका हातात काम होत नाही. मग त्याच छटेचा टच-अप. जुन्या डब्याचं झाकण किंवा शेड नंबर मालकांकडे मागा. शेड मिळत नसेल तर टच-अप करूच नका, नवीन ठिपका जुन्या भिंतीवर जास्त उठून दिसतो. पुट्टी भरून सोडा.

क्रेयॉनवर थेट रंग मारू नका, मेणावर पाण्याचा रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन मऊ स्पंजाने पुसा, उरलेल्या भागावर आधी प्रायमर.

बेसिनच्या तड्याचा पहिल्या दिवसाचा फोटो तुमच्याकडे आहे, तो प्रश्न मिटला. मालक म्हणतील, तडा तेव्हा बारीक होता, आता वाढलाय. सिरॅमिकचा तडा गरम-थंड पाण्याने वापरात वाढतोच. फक्त तुम्ही तेव्हा कळवलं होतं का, ते बघा.

आणि कापलेल्या प्रत्येक रुपयाचं बिल मागा. 'डीप क्लीनिंग ४,०००' असं तोंडी आलं तर म्हणा, पावती पाठवा, मान्य करतो. मीही पावतीशिवाय कापत नाही.

जिना_क्रमांक_३

सोसायटीच्या कामातून जे दिसतं तेवढंच सांगतो, मुख्यतः वीजबिल, कारण शेवटच्या दिवशी अडतं ते तिथेच.

३१ तारखेला मीटरसमोर दोघांनी उभं राहा. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने येतात, केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा येईपर्यंत थांबा आणि फोटोत मीटर नंबर व रीडिंग दोन्ही येऊ द्या. मीटर नंबर बिलाशी जुळवा. एका पॅनेलवर २०-२५ मीटर असतात आणि शेजारच्या फ्लॅटच्या मीटरचा फोटो काढून नेणारे लोक खरोखर असतात.

मागच्या बिलातलं 'चालू रीडिंग' वजा करा, युनिट मिळाले. आता दर. पंधरा दिवसांचे ९० युनिट १०० च्या आतल्या स्वस्त स्लॅबने लावाल तर मालकांचं नुकसान, कारण पूर्ण महिन्याचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जाणार. त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्कही आहे. भांडण नको असेल तर मागच्या पूर्ण बिलाची एकूण रक्कम भागिले त्यातले युनिट, हा सरासरी दर काढा आणि शिल्लक युनिटला लावा. रक्कम तिथेच वळती करा आणि विषय संपवा. 'पुढचं बिल येईपर्यंत ५,००० ठेवतो' याला हो म्हणू नका.

मागचं बिल सरासरीवर आलेलं नाही ना, तेही बघा. घर बंद असताना रीडिंग झालं नसेल तर बिल अंदाजे येतं आणि खरा फरक पुढच्या रीडिंगला वसूल होतो. तसं असेल तर शेवटच्या खऱ्या रीडिंगपासून मोजा.

एक गोष्ट भाडेकरूंच्या लक्षात येत नाही. महावितरणचं 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असं वेगळं बिल येतं. ते वापराचं बिल नाही. ती ठेव ग्राहकाच्या, म्हणजे मालकांच्या नावावर राहते आणि त्यावर व्याजही त्यांच्याच बिलात जमा होतं. २२ महिन्यांत तुम्ही ते नेहमीच्या बिलासारखं भरलं असेल तर पावती शोधा आणि डिपॉझिटमध्ये मिळवून मागा.

पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा फोटो. सोसायटीचा मेंटेनन्स थकला असेल तर तो मालकांचा, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत असतात, तेही सोसायटी मालकांकडूनच घेते. ॲग्रीमेंटमध्ये ते तुमच्यावर टाकलेले नसतील तर डिपॉझिटमधून कापू देऊ नका.

सामान हलवायच्या दोन दिवस आधी मालकांकडून सोसायटीला मेल जाऊ द्या. टेम्पो भरल्यावर गेटवर अडला की माणूस कुठल्याही कपातीला हो म्हणतो.

मुक्काम_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲग्रीमेंट पुन्हा वाचलं, रंगाच्या कपातीचं वाक्य नाही. अतिरिक्त सुरक्षा ठेवीची १,३८० ची पावती सापडली. घरमालकांना ७५,००० चा आकडा घालून मेसेज केला, त्यांनी 'हो, त्यातून रंग आणि लाइट बिल जाईल' असं उत्तर दिलं. पण ३१ लाच एवढी रक्कम देणं जमणार नाही म्हणतात, २०,००० देतो, उरलेले ४५ दिवसांनी. आता काय करू? आणि त्यांनी पावतीवर सही करायला नकार दिला तर?

कागदपत्र

आकड्याला 'हो' आला, हे मोठं काम झालं. तो स्क्रीनशॉट स्वतःलाच मेल करून ठेवा.

मुदत द्यायची तर तोंडी देऊ नका, उरलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक घ्या. नुसतं 'देतो' हा दिवाणी वाद राहतो. चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागतं, म्हणजे तो फौजदारी गुन्हा होतो. मात्र त्याच्या मुदती काटेकोर आहेत. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरायचा. परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्यांना पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. यातली एक तारीख चुकली की हातातलं बळ जातं. चेकवर नाव, रक्कम, तारीख तुमच्यासमोर भरून घ्या. सही जुळली नाही म्हणून चेक परत जातो तेव्हा विनाकारण नवा वाद होतो, म्हणून सहीसुद्धा समोरच.

ताबा पावती दोन प्रतींत करा. मजकूर एवढा पुरे:

'सदनिका क्रमांक अमुक हिचा रिकामा व शांततापूर्ण ताबा आज दिनांक अमुक रोजी सकाळी ११.३० वाजता मिळाला. मुख्य दाराच्या ३ व आतील ४ चाव्या मिळाल्या. वीज मीटर रीडिंग अमुक. डिपॉझिट रुपये ७५,०००. अतिरिक्त सुरक्षा ठेव परत रुपये १,३८०. वजा वीज रुपये अमुक, वजा एका भिंतीचा रंग रुपये अमुक. देय रुपये अमुक. पैकी आज रुपये २०,००० यूटीआर अमुक अन्वये दिले. उर्वरित रुपये अमुक चेक क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये दिले. याखेरीज लायसन्सीकडून (भाडेकरूकडून) काहीही येणे नाही.'

शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर महिनाभराने 'गीझर बिघडलेला निघाला' असा फोन येतो. तुम्ही त्यांना पैसे मिळाल्याची पावती देणार असाल तर ५,००० च्या वर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा.

सही नाकारली तरी चावी देऊन मोकळं व्हा, फक्त पुरावा ठेवून. सोसायटीच्या मॅनेजरसमोर द्या, रिकाम्या खोल्यांचा सलग व्हिडिओ दारापासून दारापर्यंत काढा आणि तिथूनच मेल करा: 'आज ११.४० वाजता अमुक चाव्या आपल्या हाती दिल्या, रीडिंग अमुक.' ते आलेच नाहीत तर चाव्या स्पीड पोस्टाने पोचपावती मागून पाठवा आणि पाकीट बंद करण्याआधी चाव्यांचा फोटो घ्या. त्या दिवसापासून कलम २४ चा धोका उरत नाही.

पैसे अडलेच तर वकिलाची नोटीस पाठवा आणि तिच्यात व्याज मागितल्याचं स्पष्ट लिहा. करारात परतफेडीची नक्की तारीख नसेल तर १९७८ च्या इंटरेस्ट ॲक्टप्रमाणे व्याज धरलं जातं ते लेखी मागणीत सांगितलेल्या तारखेपासून. 'बिनव्याजी' हा शब्द तुम्ही राहत होतात त्या काळासाठी आहे, अडवून ठेवलेल्या काळासाठी नाही, असं ठामपणे मांडा. दावा करायची मुदत तीन वर्षं. नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही, मालकांनी मुदतीच्या आत सही करून देणं कबूल केलं तर मात्र नव्याने मोजली जाते.

दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करून बघा, पुण्यात ते शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे. फी नाही. दोघे राजी झाले तर लोकअदालतीत तडजोड होते, तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. ४०-५० हजारांच्या वादात खर्च आणि वेळ बघता मी पहिला अर्ज तिथेच करायला सांगतो. पोलीस चौकीत जाऊ नका, दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील आणि घरमालकांशी बोलणं मात्र तुटेल.

दोन_फ्लॅट

एकच राहिलं: चेक घेताना रंगाची रक्कम ठरवूनच घ्या. 'रंगाचं नंतर बघू' म्हणून मोकळं ठेवलं तर ४५ दिवसांनी तो चेक थांबवायला तेच कारण पुरतं. पेंटरला ३० तारखेलाच बोलावून त्या एका भिंतीचं कोटेशन दोघांसमोर घ्या.